चार वाजताच्या दोन फायनल

सकाळच्या उन्हात मोजे वाळत होते. दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांवर, एवढंच काय, सासूबाईंच्या काठीच्या मुठीवरसुद्धा एक जोडी. वसतिगृहातल्या पोरांचे मोजे आदल्या संध्याकाळी पिशवी भरून घरी आले होते, कारण घरच्या मालकांचा, म्हणजे कॉलेजच्या क्रीडाप्रशिक्षकाचा, एक सिद्धान्त होता: फायनलच्या दिवशी पायात कोरडा, धुतलेला मोजा हवा, बाकीचं देव बघून घेईल. सिद्धान्त त्याचा, धुणं बायकोचं.

"घरात गोम पाळल्यासारखं वाटतंय," सासूबाई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "आणि त्या गोमेचेही दोन पाय एका रंगाचे नाहीत."

ती हसली आणि जोड्या लावत राहिली. कॉलेजच्या या मागच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून तिला पोरांच्या चेहऱ्यांआधी त्यांचे मोजे ओळखता यायला लागले होते. अंगठ्याशी भोक असलेला उंच उडीवाल्या जिराफाचा. टाचेला विरलेला कप्तानाचा. घोट्याशी ताणून सैल झालेला गोळाफेकवाल्या पहिलवानाचा, त्याच्या पोटऱ्यांपुढे कुठल्याही रबराचा टिकाव लागत नसे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"दूधवाला नाही," सासूबाईंनी निकाल दिला. "दूधवाला इतक्या घाईनं वाजवत नाही."

दारात प्राचार्य उभे होते. डोक्यावर फिरायला जायची टोपी, पायात पांढरे बूट, कपाळावर घाम. खुर्चीवरचे मोजे उचलून तिनं जागा केली. ते बसले खरे, पण खुर्चीच्या कडेवर. पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून मोरीतून बाहेर आलेल्या यजमानाला त्यांनी सरळच विचारलं, "सर, मैदानावरचा फळा बघितलात का?"

त्यानं बघितला नव्हता. आदल्या दिवशी दोन्ही संघांची सेमीफायनल उशिरा संपली होती, आणि आजचं वेळापत्रक फळ्यावर नुकतंच लागलं होतं. व्हॉलीबॉलची फायनल, चार वाजता. चार बाय चारशे रिलेची फायनल, चार वाजता. रिलेच्या चार पोरांतली तीन पोरं व्हॉलीबॉलच्या पहिल्या सहात होती. व्हॉलीबॉलचा सगळा मार त्यांच्याच हातात.

तो टॉवेलसकट भिंतीला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "ही वेळ मीच मागितली होती."

आणि ते खरं होतं. महिन्यामागे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची बैठक झाली, तेव्हा व्हॉलीबॉलच्या टेबलापाशी जाऊन त्यानं चारची वेळ मागितली होती, कारण चारला इमारतीची सावली कोर्टावर येते आणि कुणाच्या डोळ्यांत ऊन जात नाही. मग तो ॲथलेटिक्सच्या टेबलापाशी गेला आणि तिथंही चारचीच वेळ मागितली, कारण चारला ट्रॅक तापलेला नसतो. दोन्ही ठिकाणी त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. फक्त दोन्ही ठिकाणी मागणारा माणूस एकच आहे, आणि पोरंही तीच आहेत, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, त्याच्या तर नाहीच. या कॉलेजचा एक संघ फायनलला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, दोन जातील हे कोण कशाला धरून चालेल?

प्राचार्य हसले नाहीत. व्हॉलीबॉलची ढाल आजवर कॉलेजात आलेली नाही, संस्थेचे अध्यक्ष स्वतः सामना बघायला येणार आहेत, तेव्हा रिलेतून नाव काढून घ्या, असं त्यांनी सांगितलं. आणि आलोच आहे तर सांगून टाकतो म्हणून पुढचंही सांगितलं. पुढच्या वर्षीपासून एका खेळाडूला एकच खेळ. संध्याकाळचा तो सरमिसळीचा तास बंद. त्या तासात गोलकीपर व्हॉलीबॉल खेळतो, गोळाफेकवाला अडथळे ओलांडायला जातो आणि पडतो, बाहेरचे लोक कुंपणापाशी उभे राहून हसतात.

"नाव काढायचं की नाही, हे प्रशिक्षकानं ठरवायचं असतं, सर," तो म्हणाला. आवाज चढा नव्हता, पण खालीही नव्हता.

प्राचार्य उठले. "ठरवा. पण दोन्ही हातचं गेलं, तर व्हॉलीबॉलला मी दुसरा माणूस बघीन. मग तुम्ही कशाचे प्रशिक्षक राहणार, हा प्रश्न मलाही पडेल आणि तुम्हालाही."

ते गेल्यावर तिनं स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि जे वाक्य त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या, ते पुन्हा एकदा म्हणून घेतलं: "एक ना धड, भाराभर चिंध्या."

या वाक्याला मोठा इतिहास होता. तो कॉलेजात शिकत असताना व्हॉलीबॉल, फुटबॉल, उंच उडी आणि चारशे मीटर असं सगळंच खेळायचा. कुणीतरी मित्र घरी आला असताना त्याच्या आईनं हे वाक्य ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं कॉलेज त्याला 'भाराभर' म्हणायला लागलं. तीही त्याच कॉलेजात होती. वाचनालयाच्या व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसायची, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेवरून तिला तो दिसायचा: उंच उडीच्या वाळूतून उठून, अंगाची वाळू झटकत, बुटाच्या नाड्या लोंबत ठेवून व्हॉलीबॉलच्या कोर्टाकडे धावत निघालेला. एवढी घाई असलेला आणि इतका आनंदात असलेला माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. तिचं पुस्तक त्या वर्षी फार सावकाश संपलं.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या संघांची निवड झाली. व्हॉलीबॉलची निवड करणारे म्हणाले, मुलगा उत्तम आहे, पण धावण्यातला आहे. धावण्याची निवड करणारे म्हणाले, पाय चांगले आहेत, पण तो व्हॉलीबॉलवाला. फुटबॉलवाल्यांनी त्याला उंच उडीवाल्यांकडे सोपवलं आणि उंच उडीवाल्यांनी फुटबॉलकडे बोट दाखवलं. सगळ्यांचा होता आणि कुणाचाच नव्हता. तो कुठल्याच संघात गेला नाही.

मग नोकरी. पाइपच्या कारखान्यात, मालाच्या गोदामात. दिवसभर ट्रकमध्ये माल चढवून घ्यायचा आणि संध्याकाळी कारखान्याच्या संघातून, जो कमी असेल त्याच्या जागी उभं राहायचं. लग्नानंतर शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यायचा हट्ट तिनं धरला. तो गोदामातून दमून यायचा, पुस्तक छातीवर उघडं ठेवून झोपायचा, आणि ती त्याला शरीरातल्या स्नायूंची नावं मोठ्यानं वाचून दाखवायची. झोपेत शिरलेले स्नायू परीक्षेत बाहेर आले. पुढं कॉलेजात तात्पुरती जागा निघाली, आणि ज्या खोलीतून तो कधीकाळी चेंडू मागून घ्यायचा, तिची किल्ली त्याच्या हातात आली. पहिल्या दिवशी घरी येऊन त्यानं एवढंच सांगितलं, की कपाटाला अजून तोच वास येतो. मोज्यांचाच तो, पण त्याच्या तोंडून तो अत्तराचा वाटला.

सरमिसळीचा तास त्यानंच सुरू केला. रोज संध्याकाळी शेवटचा एक तास कुणी आपला खेळ खेळायचा नाही, दुसऱ्याचा खेळायचा. पोरं आधी कुरकुरली, मग त्याच तासासाठी यायला लागली. व्हॉलीबॉलच्या संघात नोंदवायचे सहा जादा खेळाडूही त्यानं याच तासातून निवडले. जिराफ, पहिलवान, फुटबॉलचा गोलकीपर आणि असेच इतर. ती यादी वाचून प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला होता म्हणे.

तर आता स्टोव्हवर चहाचं पाणी उकळत होतं आणि तो जमिनीवर बसून एकेक मोजा हातात घेऊन वाळलाय का बघत होता.

"दोन्ही गेलं तर?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिच्याखेरीज कुणी विचारला नसता.

"तर गेलं," तो म्हणाला. मग हातातला मोजा बाजूला ठेवला. "त्या तिघांना सांगू, की तुमचं पळणं सोडा? मला असं कुणी सांगायची गरजच पडली नाही. सगळ्यांनी परस्पर दुसऱ्याकडे ढकललं. मी ढकलणार नाही."

"मग एका वेळी दोन ठिकाणी कसा उभा राहणार?"

त्यानं वर पाहिलं. "मी कोर्टावर. ट्रॅकवर तू."

तिला वाटलं थट्टा करतोय. पण तो थट्टेत नव्हता. रिलेच्या रेघेपाशी कुणीतरी हवं होतं. पाणी देणारं, घाबरलेल्याला दोन शब्द बोलणारं आणि पळून झाल्या झाल्या तिघांना कोर्टाकडे हाकणारं. मैदानावर एका बाजूला ट्रॅक आणि दुसऱ्या बाजूला कोर्ट, मध्ये हिरवळ. पोरं तिला काकू म्हणत, आणि काकूचं ऐकत, हेही त्यानं हिशेबात धरलं होतं.

दुपारी त्यानं सगळ्या पोरांना गोळा करून सांगितलं. पहिला सेट जिराफ, पहिलवान, गोलकीपर आणि पहिल्या सहातले उरलेले तिघं खेळतील. कप्तान आणि त्याचे दोन साथीदार रिले पळून येतील. पहिलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. फायनलमध्ये, सर, मी? सर म्हणाले, तू सरमिसळीत जी सर्व्हिस करतोस ना, जी उचलताना आपल्याच पोरांचे हात लाल होतात, तीच कर. वेगळं काही करायला जाऊ नकोस.

चारला इमारतीची सावली बरोबर कोर्टावर आली. समोरच्या संघानं नेटच्या पलीकडे गोळाफेकवाला उभा बघितला आणि त्यांच्यात खसखस पिकली. ही हसण्याची लाट ट्रॅकपर्यंत ऐकू आली. तिथं ती चार बाटल्या, चार जाड जॅकेटं आणि एक पिशवी घेऊन उभी होती.

सुरुवातीचं पिस्तूल उडालं, आणि जवळजवळ त्याच वेळी कोर्टावर शिट्टी वाजली. पुढची तीन-चार मिनिटं ती डोळ्यांनी रिले बघत होती आणि कानांनी व्हॉलीबॉल. ट्रॅकवर आपला पहिला पोरगा तिसरा आला. कोर्टाकडून एक जड, गोणी आपटल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग आपल्या बाजूचा जल्लोष. ती सर्व्हिस कुणाची, हे तिला न बघता कळलं. दुसऱ्यानं एक गडी मागे टाकला. पुन्हा तो गोणीचा आवाज. पलीकडची खसखस केव्हाच थांबली होती.

तिनं हिरवळीपलीकडे नजर टाकली. तो कोर्टाच्या कडेला उभा होता, ट्रॅककडे पाठ करून. हीच शर्यत तो पळायचा, याच मातीत. सगळं मैदान ओरडत होतं, पंचसुद्धा मान वळवत होते, आणि हा माणूस एकदाही वळला नाही. कोर्टावरचे सहाजण त्याच्याकडे बघत होते, आणि त्यानं मान वळवली असती तर ते आपण दुय्यम आहोत असं समजले असते. संसारात या माणसाचा तिला राग पुष्कळदा आला होता, पण त्या पाठीचा यापुढे कधी येणार नव्हता.

बॅटन कप्तानाच्या हातात आली तेव्हा तो दुसरा होता. शेवटच्या वळणावर त्यानं पहिल्याला गाठलं, दोघं खांद्याला खांदा लावून आले, आणि रेघेवर त्या दुसऱ्या कॉलेजच्या पोरानं छाती पुढे काढली. एका छातीनं शर्यत गेली. दुसरा क्रमांक.

कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून रडायला लागला. "गेलं, काकू. सरांना काय सांगू?"

"सांगायचं ते मी सांगते," ती म्हणाली. "रडायचं ते नंतर. आधी बूट काढ, मोजे बदल."

आणि खरंच तिनं पिशवीतून कोरडे मोजे काढले. तिथंच, ट्रॅकच्या कडेला, रिलेचं रौप्यपदक मिळवलेली पोरं मांडी घालून मोजे बदलत बसली. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो. कप्तानाचं रडू त्या टाचेला विरलेल्या मोज्यात पाय घालता घालता थांबलं.

पदकं वाटून होईपर्यंत बराच वेळ गेला, आणि ते कोर्टावर पोचले तेव्हा पहिला सेट आपण घेतला होता. गोलकीपरनं जमिनीवर सूर मारून मारून असे चेंडू उचलले होते, की त्याचे दोन्ही कोपर सोललेले होते आणि तोंडभर हसू होतं.

"दुसरे आलो," तिनं नवऱ्याला सांगितलं.

त्यानं मान डोलावली. तिघांच्या पाठीवर एकेक थाप दिली आणि त्यांना बाकावर बसवलं. "आता हा सेट बघायचा. पाणी प्यायचं आणि बघायचं."

दुसऱ्या सेटमध्ये समोरच्या संघाला युक्ती सापडली. पहिलवानाची सर्व्हिस आता कशी उचलायची ते त्यांना कळलं, आणि चेंडू जिराफापासून लांब पडायला लागले. गुण भराभर जाऊ लागले. बाकावरची तिघं पोरं चुळबुळ करत होती. मागच्या रांगेत प्राचार्यांची त्याहून जास्त चुळबुळ चालली होती. त्यांच्या शेजारी, एवढा वेळ काठी टेकत टेकत येऊन पोचलेल्या सासूबाई खुर्ची मिळवून बसल्या होत्या.

"पळून झालंय ना त्यांचं? मग त्या तिघांना घेत का नाही हा माणूस?" प्राचार्य शेवटी म्हणालेच.

"दम खाताहेत ती," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही जिना चढून वर आलात की आधी पंख्याखाली बसता. पोरं तुमच्याहून लांबून आलीत."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या शांतपणे पुढं म्हणाल्या, "आणि माझ्या मुलाला नावं ठेवायची असली, तर मी ठेवीन. पुष्कळ वर्षं ठेवतेच आहे. तुम्ही जरा सरका, मला नेट दिसत नाही."

दुसरा सेट गेला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. ती नवऱ्याच्या मागं उभी होती, आणि हा सेट त्यानं जाऊ दिला हे तिला एकटीला कळलं होतं. हरत असताना पोरांना दम खाऊ देणं, हे पाणी घालून घालून कणीक मळण्याइतकंच सबुरीचं काम आहे. घाई केली की बिघडतं.

तिसऱ्या सेटला तिघं उतरले. आता आपल्या बाजूचे निम्मे पाय ताजे होते आणि समोरच्यांचे दमलेले, कारण समोर मागचे दोन्ही सेट तीच सहा पोरं धावली होती. कप्तानाचा पहिला स्मॅश इतका सरळ खाली आला, की चेंडू उसळून प्रेक्षकांत गेला. तिसरा सेट आपला. चौथ्यात मात्र झुंज जुंपली. एक गुण इकडं, एक गुण तिकडं. शेवटी आपला शेवटचा गुण आणि सर्व्हिसही आपली, अशी वेळ आली. सर्व्हिसला होता कप्तान.

तिच्या नवऱ्यानं हात वर केला आणि कप्तानाला बाहेर बोलावलं. त्याच्या जागी पहिलवान.

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. कप्तान बाहेर येता येता पहिलवानाच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघंही हसले. काय बोलला ते तिनं पुढं विचारलं, पण कुणी सांगितलं नाही, म्हणजे काकूंना सांगण्यासारखं नसावं. पहिलवानानं चेंडू वर फेकला, आणि दिवसभरातला सगळ्यात जड तो आवाज आला. पलीकडं दोघांनी हात एकदम पुढं केले, चेंडू दोघांच्या मध्ये आदळला आणि कोर्टाबाहेर निघून गेला.

मग काय झालं हे सांगायला शब्द कमी पडतील. बाराच्या बारा पोरं, रिलेचा चौथा गडी, फुटबॉलचा सगळा संघ, उंच उडीवाल्या मुली, सगळे एका ढिगात होते, आणि त्या ढिगातून एक प्रौढ माणसाचा हात बाहेर आलेला होता, तो तिच्या नवऱ्याचा. सासूबाई काठी आपटत उठल्या, पदरानं डोळे पुसले, आणि बघितलंस का, असं सुनेला म्हणायचं सोडून, मोजे गोळा करून ठेव गं, एवढंच म्हणाल्या.

अध्यक्षांच्या हातून ढाल मिळाली. प्राचार्यांनी ती छातीशी धरून फोटो काढून घेतला. त्याच फोटोत रिलेच्या चार पोरांच्या गळ्यात पदकं होती, आणि सकाळी सोडून द्यायला सांगितलेल्या त्या पदकांवर प्राचार्यांनी कौतुकानं हात ठेवलेला होता. आनंदानं माणूस विसरतो, आणि तेवढं विसरणं माफ असतं.

लोक पांगायला लागले तेव्हा प्राचार्य हिरवळ ओलांडून त्याच्याकडे आले. दुसरा माणूस बघायची भाषा आता राहिली नव्हती. अध्यक्ष खूश आहेत, नवीन नेट मागा, कायम नेमणूक मागा, आज जे मागाल त्याला नाही म्हणणार नाहीत, असं त्यांनी मनापासून सांगितलं.

तो घामानं आणि मातीनं माखलेला होता, शर्टाची एक बाही ढिगात फाटली होती. त्यानं आधी पोरांकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"पुढच्या वर्षी सरमिसळीचा तास तेवढा राहू द्या, सर," तो म्हणाला. "संध्याकाळचा, शेवटचा."